मृगाच्या आधी: जुन्या गाडीच्या पट्ट्या, बीडिंग आणि रबरं

मे महिना लागला की येणारी पत्रं एकदम बदलतात. थंडीत सगळ्यांना बॅटरी आणि चोकची काळजी, आणि मृग जवळ आला की छतातून पाणी गळतंय, दाराचं रबर फाटलंय, पट्टीखाली गंज दिसतोय, कशी काढू, काढू की नको. यंदा तर निम्म्याहून जास्त पत्रं याच विषयावर आहेत, म्हणून हा अख्खा महिना त्यालाच देतोय. गाड्या सगळ्या वीस-चाळीस वर्षांच्या आहेत आणि लोकांनी त्या जपल्यात, हे वाचून फार बरं वाटलं.

प्रश्न: काका, माझ्या आजोबांची १९८६ची पद्मिनी आहे, चिपळूणला आमच्या पडवीत उभी असते. आजोबा गेले मागच्या वर्षी, आता गाडी मी बघते. छताच्या कडेला जी पाणी जायची पन्हळ असते तिच्यावर आजोबांनी स्टीलची चकचकीत पट्टी बसवून घेतली होती. आता त्या पट्टीखालून तपकिरी पाणी ओघळतं आणि एका ठिकाणी पट्टी फुगल्यासारखी वर आलीये. पेंटर म्हणाला स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटून टाकू, नवीन मिळेल. पण मला तीच पट्टी परत लावायचीये. न वाकवता कशी काढायची?

उत्तर: पेंटरला आधी थांबव. स्क्रू ड्रायव्हरने ती पट्टी निघेल, पण जिथे जिथे टोक घालशील तिथे तिथे एक खोक पडेल, आणि पातळ स्टीलच्या पट्टीला एकदा मोड आली की ती कितीही ठोकून सरळ केलीस तरी उन्हात ती जागा दिसतेच. आणि तू म्हणतेस तसं, तीच पट्टी परत लावायचीये, तर मग घाई अजिबात नको, एका बाजूला एक सकाळ असा हिशेब धर.

आधी ही पन्हळ काय असते ते समजून घे म्हणजे हात आपोआप बरोबर चालेल. या जुन्या गाड्यांमध्ये छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेलं असतं आणि त्या जोडाची कड बाहेर वळवून तिचीच पन्हळ केलेली असते. जोडाच्या खाचेत कंपनीतून सीलर भरलेलं असतं, पोटीनसारखं. तीस-चाळीस वर्षांत ते वाळून कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात आणि पाणी त्या चिरेतून जोडात उतरतं. वरून पट्टी बसवलेली असली की ते पाणी वाळतच नाही, आणि तुमच्या चिपळूणच्या पावसात तर चार महिने ती पन्हळ ओलीच असते म्हण. म्हणजे आजोबांची पट्टी वाईट नाही, पट्टीखालची ओल वाईट.

आता काढायचं कसं. आदल्या दिवशी गाडी साबणाच्या पाण्याने धू, पन्हळीतली माती जुन्या टूथब्रशने काढ, आणि संध्याकाळी पट्टीच्या खालच्या कडेला डब्ल्यूडी-४० किंवा तसलाच गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर राहू दे. सकाळी पट्टीच्या खाली दाराच्या वरच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लाव. मग पट्टीकडे खालून बघ, मान वाकवून, टॉर्च लावून. तुला दिसेल की पट्टी इंग्रजी सी अक्षरासारखी आहे, वरची कड पन्हळीच्या ओठावरून आत गेलीये आणि खालची कड ओठाखाली वळून अडकलीये. धरून ठेवणारी कड खालची आहे, म्हणून वरून ओढून काहीच होत नाही. पट्टी खालून बाहेर आणि मग वर अशी गुंडाळल्यासारखी फिरवायची असते.

हत्यार म्हणून लोखंड घेऊ नको. बांबूची एक पातळ पाचर तासून घे, तुमच्याकडे बांबूला तोटा नाही, किंवा जुन्या टूथब्रशची दांडी घासून चपटी कर. सुरुवात टोकाकडून, शक्यतो मागच्या टोकाकडून, मधून कधीच नाही. खालच्या कडेखाली पाचर घालून बोटभर भाग सोडव, पाचर दोन-तीन सेंटीमीटर पुढे सरकव, परत तेवढाच भाग. मोकळं झालेलं टोक हाताने वर ओढायचा मोह होतो, तो आवर, कारण तिथेच मोड पडते. दुसरं माणूस हवंच, त्याने फक्त सुटलेला भाग आधाराला धरायचा. पुढच्या काचेच्या कोपऱ्यावर जिथे पट्टीला गोलाई आहे तिथे सगळ्यात हळू, तिथे मी स्वतः एकेका सेंटीमीटरला थांबतो. फुगलेल्या जागी आतल्या गंजाने पट्टी चिकटून बसलेली असेल, तिथे परत स्प्रे मार आणि चहा घेऊन ये. निघाल्यावर पट्टी भिंतीला टेकवून ठेवायची नाही, घरात पाण्याचा एखादा सरळ प्लॅस्टिक पाइप असेल तर त्याला चार ठिकाणी सुतळीने बांध आणि डावी कुठली उजवी कुठली ते टेपवर लिहून चिकटव.

खाली जे दिसेल त्याने घाबरू नको. तपकिरी भुकटी, पोपडे, जुना रंग हे सगळं असणारच. बोथट टोकाने हळूच टकटक करत जा, पत्रा टणक वाजला तर वरवरचा गंज आहे, दबला किंवा टोक आत गेलं तर भोक आहे. भोक असेल तर तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घे, लांबी, म्हणजे पेंटरची पुट्टी, भरून बुजवलेलं भोक दोन पावसाळे टिकत नाही कारण लांबी स्वतःच ओल ओढते, हे मी पोटतिडकीने सांगतोय कारण दर वर्षी अशा गाड्या बघतो. भोक नसेल तर वायर ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग रस्ट कन्व्हर्टर (उरलेल्या गंजाला थोपवणारं औषध), मग इपॉक्सी प्रायमर, आणि प्रायमर वाळल्यावर जोडाच्या खाचेत पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेनचं, सीलर. सिलिकॉन नको. बाथरूमला वापरतात ते सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून वाळताना ॲसिड सुटतं आणि उघड्या पत्र्याला उलट गंज धरतो, शिवाय सिलिकॉनवर नंतर रंगही बसत नाही. घासताना तोंडाला मास्क लाव, जुन्या रंगाची धूळ छातीत जाऊ देऊ नको.

रंग पूर्ण वाळल्यावर पट्टी परत बसवताना आतून पातळ मेण लाव आणि पट्टीची दोन्ही टोकं उघडी ठेव. पेंटर टोकाला सीलर लावून बंद करू पाहील, त्याला नको म्हण. पाणी आत जाणारच आहे, त्याला बाहेर पडायला टोक हवं. गाडी छान होईल तुझी, आणि आजोबांनी हौसेने बसवलेली पट्टी तिच्या जागी राहील.

प्रश्न: नमस्कार सर, पुण्यात १९९७ची मारुती ८०० आहे, मीच पहिला मालक. दाराच्या काचेच्या बाहेरून जी काळी पट्टी असते, काच खाली-वर होताना पुसणारी, ती चारही दारांना तडकलीये आणि काचेवर उभे ओरखडे पडतायत. पावसात पुढच्या सीटखाली पाणीही साचतं, त्यामुळे पट्ट्या बदलल्या की पाणी थांबेल असं गॅरेजवाला म्हणाला. नाना पेठेतून पट्ट्या आणल्यात, पण काढताना रंग जाईल याची भीती वाटतीये. मीच काढू का?

उत्तर: तुम्हीच काढा, यात न जमण्यासारखं काही नाही. पण आधी एक गोष्ट सांगतो, ती ऐकून मग पट्टीला हात लावा, कारण तुमच्या प्रश्नात दोन वेगळे आजार एकत्र झालेत.

ती बाहेरची पट्टी पाणी अडवण्यासाठी नसतेच मुळी. ती काच पुसते, मोठा ओघ बाहेर ठेवते, पण काचेला लागून थोडं पाणी दाराच्या पोटात उतरतंच, नव्या गाडीतसुद्धा उतरतं. गाडी बनवणाऱ्यांनी ते धरूनच दार बनवलेलं असतं. दाराच्या आतल्या पॅनेलमागे एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो पाणी केबिनमध्ये येऊ न देता खाली सोडतो, आणि दाराच्या तळाला बारीक भोकं असतात तिथून ते रस्त्यावर पडतं. पंचवीस-तीस वर्षांत कोणीतरी कधीतरी स्पीकर बसवायला किंवा काच चढवायच्या मशीनसाठी पॅनेल उघडतं, कागद फाडतं, परत चिकटवत नाही, आणि मग तेच पाणी तुमच्या सीटखाली येतं. म्हणजे पट्ट्या बदला, जरूर बदला, काचेसाठी बदला, पण सीटखालचं पाणी बहुतेक कागदाचं आणि भोकांचं दुखणं आहे.

भोकांचं एक डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. एका ८००चं मागचं दार उघडताना आतून डुचमळल्यासारखा आवाज यायचा. खाली वाकून बघितलं तर तळाच्या भोकात पानांचा आणि मातीचा घट्ट लगदा बसलेला. सायकलची जुनी तार घेऊन ती खालून वर सरकवली, दोनदा फिरवली, आणि पाण्याची धार लागली ती चांगली तांब्याभर पाणी पडेपर्यंत थांबली नाही, रंग चहासारखा आणि वास कुजलेल्या पानांचा. ते पाणी किती महिने त्या पत्र्यावर बसून होतं कुणास ठाऊक, दाराची खालची कड आतून खाल्ली गेली होतीच. तेव्हापासून कोणतीही जुनी गाडी समोर आली की मी आधी दाराखाली हात फिरवतो. तुम्ही आज संध्याकाळीच चारही दारांची भोकं तारेने मोकळी करा, बाकी सगळं नंतर.

आता पट्टी. काच पूर्ण खाली उतरवा. पट्टीला लागून दाराच्या पत्र्यावर मास्किंग टेपचे दोन थर, अगदी कडेपर्यंत. दार उघडून पट्टीच्या मागच्या टोकाला नीट बघा, काही गाड्यांमध्ये तिथे एक लहान स्क्रू असतो आणि तो न काढता ओढलं की पट्टीही जाते आणि पत्र्याची कडही वाकते. मग काच जिथून जाते त्या फटीत, पट्टीच्या आणि काचेच्या मधे, जुना पंचा कोंबून ठेवा. याचं कारण असं की पट्टी आतून छोट्या लोखंडी क्लिपांनी पत्र्याच्या कडेला धरलेली असते, त्या गंजून तुटतात आणि दाराच्या पोटात पडतात, आणि नंतर प्रत्येक खड्ड्यात खुळखुळ वाजत बसतात, वर पाण्यात पडून गंजतात ते वेगळंच. पंचा असला की सगळे तुकडे त्यातच सापडतात.

मागच्या टोकाखाली प्लॅस्टिकची पट्टी घाला, जुनं एटीएम कार्ड दुमडून घेतलं तरी चालतं, आणि सरळ वर उचला, बाहेरच्या बाजूला तिरकं करू नका कारण तिरकं केलं की रंगावर दाब येतो. एक क्लिप सुटल्याचा टक् आवाज येईल, मग पुढची. तुम्ही नवीन पट्ट्या आणल्याच आहेत तर जुनी पट्टी तुटली तरी हळहळू नका, पट्टीला वाचवताना रंग घालवू नका. उन्हात गाडी तासभर उभी करून मग काम सुरू केलंत तर जुनं रबर थोडं नरम होतं आणि बरंच सोपं जातं.

पट्टी निघाली की पत्र्याची ती उघडी कड बघाल, तिथे बहुतेक रंग घासला गेलेला असतो. नवी पट्टी लगेच दाबून बसवू नका. तेवढी कड पॉलिश पेपरने घासून प्रायमर आणि टचअपचा हात द्या, एक दिवस वाळू द्या. आणि पंचा काढण्याआधी टॉर्चने दाराच्या पोटात एकदा डोकावून घ्या. मग आतलं पॅनेल उघडून कागद बघा, फाटला असेल तर जाड प्लॅस्टिकचा नवीन कापून कडेने ब्युटाइल टेपने (काळी, चिकट रबरी टेप) चिकटवा, आणि त्याची खालची कड दाराच्या आत जाईल अशी ठेवा, पॅनेलकडे बाहेर राहिली तर पाणी परत सीटखालीच.

प्रश्न: २००१ची झेन. दारांवर काचेच्या वर जे रेन वायझर, पाऊस अडवायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, चिकटवलेले असतात ते पिवळे पडून तडकलेत. नागपूरला असतो, ऊन तुम्हाला माहीतच आहे. एक ओढून काढायला गेलो तर नाण्याएवढा रंग त्याच्यासोबत आला. बाकीचे तीन कसे काढू? आणि टेपचा जो काळा चिकट थर राहतो तो कशानेच जात नाही.

उत्तर: रंग आला ते ऐकून वाईट वाटलं, पण त्यावरून एक माहिती मिळाली, त्या दारावर बहुधा कधीतरी बाहेर रंगकाम झालेलं आहे. कंपनीत रंग चढवलेला पत्रा साधारण १२० ते १५० अंशांच्या भट्टीत भाजला जातो, तो सहसा असा सोलून येत नाही. बाहेरच्या चांगल्या बूथमध्ये तापमान ६० अंशांच्या आसपास असतं, आणि बऱ्याच ठिकाणी तर नुसत्या हवेवर वाळवतात, शिवाय खालचा पत्रा नीट घासलेला नसला की रंगाची पकड टेपच्या पकडीपेक्षा कमी पडते. म्हणून बाकीचे तीन काढताना सगळेच दार रंगवलेले आहेत असं समजून चाला.

ओढायचं नाहीच. कापायचं. तुमच्याकडे तर देवाने हीट गन फुकट दिलीये, दुपारी गाडी दोन तास उन्हात ठेवा, मग एका-एका वायझरवर हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून फिरवत राहा, एका जागी थांबवू नका. पत्र्याला तळहात लावून दोन-तीन सेकंद ठेवता आला पाहिजे, चटका बसला तर जास्त झालं. मग तंगूस घ्या, मासे पकडायची असते ती, हातभर तुकडा, दोन्ही टोकं काडीला गुंडाळा म्हणजे बोटं कापणार नाहीत, आणि वायझरच्या आणि पत्र्याच्या मधे घालून करवतीसारखी मागे-पुढे ओढत खाली सरकवा. तंगूस पत्र्याला लागून चालली पाहिजे, तिचा कोन वर झाला तर वायझर फुटतो, तो फुटला तरी चालेल म्हणा. दुसऱ्याने ड्रायर तुमच्या पुढे पुढे धरायचा. गार झालं की थांबा, परत तापवा. थंड टेप ओढली की रंग येतो, गरम टेप कापली की टेपचा फोम मधून दुभंगतो आणि रंगाला ताण बसत नाही, एवढाच सगळा फरक आहे.

उरलेल्या काळ्या थरावर थिनर अजिबात नको, बाहेरचा रंग त्याने विरघळतो. आधी परत कोमट करून अंगठ्याने घासत त्याच्या वळ्या करून काढा, कंटाळवाणं आहे पण निम्मा थर असाच जातो. राहिलेल्यावर खोबरेल तेलाचा बोळा अर्धा तास ठेवा, किंवा रॉकेल मिळालं तर तेही चालतं, मग जुन्या सुती कापडाने पुसा, वाटलं तर परत एकदा. सगळं निघालं की साबणाने धुवा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका हात, आधी एका कोपऱ्यावर लावून रंग कापडावर येत नाही ना ते बघून. ड्रिलला लावायचं रबरी चाक मिळतं, स्टिकर काढणारे वापरतात, ते कंपनीच्या रंगावर उत्तम काम करतं पण तुमच्या दारांवर मी नको म्हणेन, उष्णता फार होते.

खालचा रंग आजूबाजूपेक्षा गडद दिसेल, कारण त्याने वीस वर्षं ऊन बघितलेलं नाही. बारीक रबिंग कंपाउंडने आजूबाजूचा भाग थोडा उजळा, फरक बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. नवे वायझर लावणार असाल तर नागपूरच्या मे महिन्यात भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर लावू नका, सकाळी सावलीत लावा, आणि मग तीन दिवस गाडी धुवायची नाही. या फोम टेपची पकड पहिल्या वीस मिनिटांत जेमतेम निम्मी असते आणि पूर्ण ताकदीला साधारण ७२ तास लागतात. दुकानातून वायझर लावून निघालं आणि त्याच संध्याकाळी गाडी वॉशिंगला दिली की आठवड्यात पुढचं टोक उचलायला लागतं.

प्रश्न: म्हापशाहून लिहितो. वडिलांची ॲम्बेसेडर पूर्ण रंगवायला काढली आहे. पेंटर म्हणतो पुढच्या काचेचं रबर काढायची गरज नाही, टेप लावून रंगवू. माझं मन मानत नाही. काच फुटेल अशी भीतीही आहे. काय करावं?

उत्तर: तुमचं मन बरोबर सांगतंय. पावसाळी आणि खाऱ्या हवेच्या गावात गाडी सगळ्यात आधी कुठे सडत असेल तर काचेच्या रबराखाली, विशेषतः खालच्या दोन कोपऱ्यांत, कारण पाणी तिथे येऊन थांबतं. टेप लावून रंगवलं की वरून गाडी नवी दिसते आणि रबराच्या कडेशी रंगाची एक पायरी तयार होते, आणि एक-दोन पावसाळ्यांत त्या पायरीखालून बुडबुडे यायला लागतात. काच काढा.

काच वाचवायची असेल तर रबराचा मोह सोडा. जुनं रबर कापून काच काढणं हा सगळ्यात सुरक्षित मार्ग. काही रबरांमध्ये मधल्या खाचेत एक बारीक पट्टी ठोकून बसवलेली असते, कधी चकचकीत, कधी काळी. तीच रबराला ताणून घट्ट करते, म्हणून आधी तिचं टोक शोधून ती ओढून काढा, ती निघाली की रबर लगेच ढिलं पडतं. मग धारदार ब्लेडने बाहेरचा ओठ काचेला लागून कापत जा, चौफेर. ब्लेडचं टोक काचेच्या कडेवर ठोकू नका, काच मधे कितीही मजबूत असली तरी कडेला नाजूक असते, आणि जुनी टफन्ड (तापवून कडक केलेली) काच असेल तर कडेला बसलेल्या एका टोल्याने अख्खी खडीसाखर होते. ओठ निघाला की एकाने आत बसून दोन्ही तळवे वरच्या कोपऱ्याजवळ टेकवून हळू दाबायचं, बाहेर दोघांनी झेलायला उभं राहायचं, हातमोजे घालून. काच गादीवर किंवा जुन्या रजईवर ठेवा, फरशीवर उभी करून ठेवायची नाही.

परत बसवताना नवं रबर आधी काचेवर चढवा, जोड वरच्या बाजूला मधोमध. रबराच्या ज्या खाचेत पत्रा बसणार त्यात नायलॉनची दोरी चौफेर घाला, दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवर वीतभर जातील अशी आणि गाडीच्या आत लोंबतील अशी. पत्र्याच्या कडेला साबणाचं पाणी लावा, तेल किंवा ग्रीस नाही. बाहेरून दोघांनी काच जागेवर दाबून धरायची, आतल्याने दोरीचं एक टोक हळूहळू ओढायचं, दोरी निघेल तसा रबराचा ओठ पत्र्यावरून आत उडी मारत येतो. बघायला फार सुंदर दिसतं ते, एक एक इंच ओठ पलटत जातो आणि काच आपोआप आत बसते. बाहेरचा माणूस दोरीच्या बरोबर समोर तळव्याने थापटत राहिला की काम दहा-पंधरा मिनिटांत होतं. घाईने एकाच जागी जोर लावला तर काच तडकते, म्हणून तिथे अडलं तर दोरी थांबवायची, साबणपाणी परत लावायचं.

पेंटरला हे सगळं नको असेल तर काचेचा माणूस वेगळा बोलवा, त्याची मजुरी द्या, पण टेपवर रंगकाम मान्य करू नका.

प्रश्न: दाराच्या रबरांना काय लावावं? आमच्याकडे ड्रायव्हर ग्रीस लावतो, मऊ राहतं म्हणतो.

उत्तर: ग्रीस बंद करा. बऱ्याच गाड्यांची दाराची रबरं ईपीडीएम नावाच्या रबराची असतात, ते ऊन आणि ओझोनला छान टिकतं पण पेट्रोलियमच्या तेला-ग्रीसने फुगतं आणि पिचपिचीत होतं. जुन्या गाड्यांतल्या नैसर्गिक रबराचंही तेच. सुरुवातीला मऊ वाटतं ते हेच. साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, वर्षातून दोनदा सिलिकॉन स्प्रे कापडावर मारून तो हात रबरावरून फिरवा. स्प्रे थेट मारू नका, आणि गाडी रंगाला जाणार असेल तर त्याआधी तर अजिबात नको.

प्रश्न: ८००च्या चारही दारांची रबरं बदलली, कुर्ल्याहून आणली. आता दार आपटल्याशिवाय लागत नाही, आणि तरीही पुढच्या उजव्या दारातून पाणी येतंच. दुकानदार म्हणतो बसेल हळूहळू.

उत्तर: थोडं बसतं हे खरं आहे, पण आपटून बसवू नका, बिजागऱ्या जातात. आधी तपासा की रबर तुमच्याच गाडीचं आहे का, मीटरवर विकलं जाणारं कोणत्याही गाडीला चालणारं रबर बरेचदा जाड असतं आणि मग बिजागरीच्या बाजूने दार अडतं.

पाणी कुठून येतं ते शोधायला वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी कापा, ती रबरावर ठेवून दार लावा आणि ओढा. घट्ट निघाली तर तिथे रबर दाबलं जातंय, सहज सुटली तर तिथे फट. असं चौफेर वीत-वीत अंतरावर करा आणि सैल जागी खडूने खूण करा. बहुतेक वेळा सैल जागा वरच्या मागच्या कोपऱ्यात सापडते, आणि कारण एकच असतं, बसवताना रबर कोपऱ्यात ताणलेलं. ताणलेलं रबर आखडतं आणि कोपऱ्यातून वर उठतं. ते काढून परत बसवा, या वेळी कोपऱ्यात थोडं सैल सोडून आत ढकलत, आणि जोड खाली उंबऱ्यावर येऊ द्या. कापताना अर्धा सेंटीमीटर जास्तच ठेवा आणि दोन्ही टोकं एकमेकांवर दाबून बसवा, म्हणजे आखडलं तरी फट पडत नाही.

एवढं करून दार जड लागत असेल तर खांबावरचा जो कडीचा खुंट असतो तो दोन्ही स्क्रू किंचित ढिले करून मिलिमीटरभर बाहेर घ्या, आधी पेन्सिलने त्याची मूळ जागा आखून ठेवा. मग पाइपाने पाणी मारून बघा, पण खालून सुरुवात करा आणि हळूहळू वर जा, आत एक जण टॉर्च घेऊन बसलेला पाहिजे. वरून एकदम पाणी सोडलं तर सगळीकडेच ओलं होतं आणि नेमकं कुठून आलं ते कळत नाही.